मामलेदाराचा सव्वा महिना

आमच्या घरात बाळंतिणीशिवाय बाळंतपण चालू होतं आणि त्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

बाळ म्हणजे मामलेदार. काळंकुळकुळीत कुत्र्याचं पिल्लू. आलं त्याच दिवशी पोट पुढे काढून त्याने सगळ्या घराची पाहणी केली आणि चुलीपुढे मुक्काम ठोकला, म्हणून माझ्या नवऱ्याने, सोमनाथने, हे नाव ठेवलं. आम्ही गुंजवण्याला राहतो. अकरा शेळ्या आहेत, आणि त्यांच्यामागे रानात जायला कुत्रं लागतं. त्यासाठीच हे आणलेलं.

नसरापूरचे कुमार डॉक्टर त्याला लस टोचायचे. तिसरी आणि शेवटची लस देताना त्यांनी बजावलं, "अजून चौदा दिवस याला बाहेरच्या जमिनीवर सोडू नका. आजारी कुत्री सगळीकडे घाण करून गेलेली असतात, त्यातून गॅस्ट्रो होतो. चौदा दिवसांनी खुशाल सोडा."

माझ्या सासूबाईंनी, सोजराबाईंनी, यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. मी त्यांना आत्या म्हणते.

"चवदा दिस कुठं आसत्यात व्हय? सव्वा महिना म्हंजे सव्वा महिना," त्या म्हणाल्या. "कच्चं आंग हाय त्याचं."

इथे गेल्या वर्षीचं सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे मोती नावाचं पिल्लू होतं. आमच्यात नवं कुत्रं भैरवनाथाला दाखवतात. पहिली लस टोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आत्या त्याला देवळात घेऊन गेल्या आणि तिथल्या गावभरच्या कुत्र्यांत घटकाभर खेळू दिलं. दहा दिवसांत मोती गॅस्ट्रोने गेला. आत्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही आणि त्याही कधी बोलल्या नाहीत. म्हणून सव्वा महिन्यालाही आधी मी मुकाट्याने मान हलवली.

पण कशालाही मर्यादा असते की नाही! दारात बादली आली. घरात येणाऱ्याने आधी पाय धुवायचे. शेजारची ठकुबाई वाटीभर साखर मागायला आली, पाय धुऊन आत शिरली आणि हळूच मला विचारते, "कोन आलीया गं बाळंतपनाला?" मी काय सांगणार, कपाळ! आत मामलेदाराला ओव्याची धुरी चालली होती. काजळाची तीट त्याच्या काळ्या कपाळावर दिसेना, म्हणून आत्यांनी चुन्याची लावलेली.

दिवसभर तो आत्यांच्या कडेवर. चार महिन्यांचा घोडा झाला तरी कडेवर. त्याचे पाय दोन्हीकडून आत्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे आणि तोंडावर मात्र साहेबी थाट. मुतायला कोपऱ्यात गोणपाट, आणि ते धुवायला मी.

विसाव्या दिवशी माझा पारा चढला.

"आत्या, डॉक्टरांचे चौदा दिवस संपून वर सहा झाले! शेळ्या राखायच्या कुत्र्याला तुमी खिडकीतनं शेळ्या दाखवताय!"

"दाखवू दे की. वळख व्हतीया."

मी तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टर आले, हसत हसत पाय धुतले.

"पुन्यांदा धुवा," आत्या दारातून म्हणाल्या. "तुमी धा गावची जनावरं बघून येताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र परत बादलीकडे वळले. "आजी म्हणतात ते बरोबर आहे," म्हणाले, आणि चपलांचे तळही धुतले.

त्यांनी मामलेदाराचे डोळे, दात, पोट बघितलं. "ठणठणीत आहे. आजी, आता सोडा याला. याच वयात माणसं, गाड्या, शेळ्या बघायला हव्यात, नाहीतर भित्रा होईल."

"लिवून द्या," आत्या म्हणाल्या.

"काय लिहून देऊ?"

"ह्यो मरनार न्हाई म्हनून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या भांडत नव्हत्या. खरंच कागद मागत होत्या.

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, ते मला कुणाचंच लिहून देता येत नाही. पण याच्या लशी पुऱ्या झाल्यात, दिवसही पुरे झालेत. आपल्या हातात होतं ते सगळं तुम्ही केलंत."

"मागल्या साली म्या कुनाला इचारलंच न्हवतं," आत्या म्हणाल्या.

मोतीबद्दल त्या वर्षभरात पहिल्यांदाच बोलल्या.

मग त्या उठल्या आणि मामलेदाराला घेऊन अंगणात गेल्या. खाली वाकल्या, पण हात काही सुटेनात. तेवढ्यात समोरून कोंबडी गेली. मामलेदाराने उडी मारली आणि थेट नाकावर आपटला. उठला. एक पाय उचलून बघितला, मग दुसरा. मातीला लाथा मारून बघितल्या, आणि सुटला तो शेळ्यांतच घुसला. थोरल्या शेळीने शिंगाची एक दिली. साहेब केकाटत परत आले, आत्यांभोवती एक चक्कर मारली आणि पुन्हा शेळ्यांकडे पळाले. डॉक्टर पोट धरून हसले. मीही हसले.

डॉक्टर गेल्यावर म्हटलं, "चला आत्या, चहा टाकते."

"च्या नगं. माज्या वहाना कुठं हाईत?"

"आता कुठं निघालात?"

"देवळात. लेकरू आत कोंडलेलं, मग म्या हिंडू व्हय? ते आल्यापास्नं म्या ह्या अंगनाभाईर पाय टाकला न्हाई. यात्रंला न्हाई, लेकीकडं न्हाई. कुनी इचारलं का मला?"

कोणीच विचारलं नव्हतं. यात्रेत मीच चार जणींना सांगितलं होतं की आमच्या आत्यांचे गुडघे दुखतात. मला माझी लाज वाटली.

वहाणा बाजेखाली सापडल्या. एक शाबूत होती, दुसरीचा अंगठा मामलेदाराने खाऊन टाकला होता. मी पायातल्या माझ्या चपला काढून आत्यांच्या पुढे ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, पदर डोक्यावर घेतला आणि "त्याच्याकडं ध्यान ऱ्हाऊ दे" म्हणून निघाल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या वळणाआड जाईपर्यंत मी अनवाणी अंगणात उभी होते.