पूजेतला दोर

दोर हाती घेतला की शिवलीला डोळे मिटायची. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा दोर बोटांतून सोडायची, सावकाश, जपमाळ ओढावी तसा. डोळ्यांना वरचा रंग दिसतो, आतला जीव बोटांनाच कळतो, असं तिचं म्हणणं. झाडावर चढलेलं माणूस दोघांच्याच भरवशावर असतं, एक देव आणि दुसरा दोर. त्यातला देव काही रोज सकाळी तपासून बघता येत नाही.

दसऱ्याच्या सकाळीही ती अशीच बसली होती. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बेंगळुरातल्या बनशंकरी भागात, तिच्या दोन खोल्यांच्या घरात कामाची सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा झाली होती. बॅटरीवरची करवत, हातकरवत, हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि मधोमध वेटोळं घालून ठेवलेला चढायचा दोर. झेंडूच्या माळांखाली सगळं झाकून गेलं होतं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा घरचा नेम. आता दशमीला माळा उतरवून तिने दोर मोकळा केला होता. रात्री फोनवर ऐकलेल्या कीर्तनातलं ध्रुवपद ओठांत घोळत होतं. निम्म्या दोराच्या जरा पुढे आली आणि तिची बोटं थांबली. ध्रुवपदही थांबलं.

तिथे दोर मऊ नव्हता. पेराएवढी जागा काचेसारखी कडक लागत होती. डोळे उघडून पाहिलं तर धागे वितळून एकमेकांत रुतलेले, वर काळसर डाग.

"अव्वा," तिने सासूला हाक मारली, "काल ओवाळताना कापूर पडला होता काय?"

यल्लव्वा पुरणाचं पातेलं उतरवत होती. "पडला की एवढासा. फुलांवरच पडला. मी लगेच चिमटीत धरून विझवला. का गं?"

चिमटीत आला तेवढा विझला होता. बाकीचा जळत जळत फुलांतून खाली घरंगळला होता, आणि माळांच्या गारव्याखाली कुणाला काही कळलं नव्हतं.

नागराज, शिवलीलेचा नवरा, दात घासता घासता येऊन वाकला. "एवढंच व्हय? गाठ मारूया की."

"गाठ मारली तर दोर माझ्या पट्ट्याच्या कडीतनं सरकायचा कसा? मधीच लटकून राहू, वटवाघळागत?"

"मग फांद्या उतरवायचा दोर घे. जाड हाय चांगला."

"फांदीचा दोर फांदीला, माणसाचा माणसाला," ती म्हणाली. "त्या दोरानं वर्षभर ओंडक्यांचे हिसके खाल्लेत. त्याच्यावर मी जीव टाकणार नाही. हे तुला ठाऊक हाय."

त्याला ठाऊक होतं. खानापूरकडचं हे जोडपं बेंगळुरात झाडांची निगा राखायचं काम करायचं. वाळलेल्या फांद्या उतरवणं, कलंडलेली झाडं सावरणं, फुटलेल्या खोडांना आधार देणं. ती वर, तो खाली. ती लहानपणापासून फणसावर वाढलेली. तो अंगाने भारदस्त, दगडासारखा पाय रोवून दोर धरणारा. लोक थट्टा करायचे, "काय नागराज, बायको डोक्यावर बसलीय?" तो म्हणायचा, "डोक्यावर न्हवं हो, झाडावर. डोक्यावर पडू नये म्हणून तर धरून उभा हाय."

गेल्या वर्षी हत्यारं घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र दोघांची जुंपली होती. त्याला मोठी पेट्रोलची करवत हवी होती. "तिचा आवाज ऐकला की चार गल्ल्यांतली गिऱ्हाइकं गोळा होतील," तो म्हणाला. शिवलीला म्हणाली, "आणि वरनं मी मारलेली हाक तुला त्या आवाजात ऐकू आली नाही, तर चार गल्ल्यांतली माणसं खांदा द्यायला गोळा होतील." दोर आला, पट्टा आला आणि बॅटरीवरची लहान करवत आली. तिला तो अजूनही 'तुझं शिलाई मशीन' म्हणायचा.

आणि आज नेमका तोच दोर भाजला होता. आज, म्हणजे ज्या दिवशी त्याच्यावाचून चालणार नव्हतं त्या दिवशी.

चार गल्ल्या पलीकडे सत्संग मंडळाचं सभागृह होतं. त्याच्या अंगणात एक जुना रेनट्री होता. छत्री उघडावी तसा पसरलेला. त्याच्या सावलीत दरवर्षी दसऱ्यानंतरच्या एकादशीपासून कीर्तनाचा सप्ताह बसायचा. शिवलीला या शहरात नवी आली, कुणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा कानावर मराठी शब्द पडले ते त्या झाडाखाली. झांजांचा आवाज ऐकून ती आत शिरली होती आणि पूर्वरंग संपून आख्यान लागलं तेव्हा डोळे पुसत बसली होती. यंदाच्या पावसात त्या झाडाची एक मोठी फांदी मधोमध चिरली. त्यातला एक वाळका तुकडा रिकाम्या खुर्च्यांवर आदळला. मंडळाचे चिटणीस सुब्बाराव हादरून गेले. त्यांनी अख्खं झाड काढायची परवानगी मिळवली आणि क्रेनवाल्याला एकादशीची सकाळ देऊन टाकली.

शिवलीला त्यांच्या दारात जाऊन बसली होती. झाड निरोगी आहे, चिरलेली फांदी तेवढी उतरवू, असं परोपरीने सांगत होती. सुब्बाराव वाईट माणूस नव्हते. झाडाखालीच त्यांची मुंज झालेली. "अक्का, मला काय हौस आहे?" ते म्हणाले होते. "पण उद्या कुणा म्हातारीच्या डोक्यात पडली तर त्या पांडुरंगाला काय तोंड दाखवू? दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत फांदी उतरली, तर क्रेनला नको म्हणतो. नाही उतरली, तर पुढे बोलू नका. सरी?"

"सरी," शिवलीलेनेही त्यांच्याच कन्नडात 'बरं' म्हटलं होतं. आणि काल पूजा आटोपल्यावर ती झाडाला सांगून आली होती. हा तिचा कधी न चुकणारा रिवाज. करवत लावायच्या आदल्या संध्याकाळी खोडाला दोन्ही तळहात टेकायचे आणि सांगायचं, 'उद्या येते. पाखरांना, मुंग्यांना निरोप दे. तुझं दुखणं तेवढं काढीन, बाकी हात लावणार नाही.'

चढायचा तसा दोर शहरातल्या साध्या दुकानांत मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी आज दसरा. दुकानं बंद.

शिवलीलेने दोर मांडीवर घेतला. "तोडायला पाहिजे," ती म्हणाली. "भाजलेलं काढून टाकू. लांब राहील त्या तुकड्यावर चढते."

"अगं बाई!" यल्लव्वाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "पूजा केलेला दोर, दसऱ्यादिवशी तोडायचा? देवाच्या दारचं हाय ते! तोडून वर चढलीस आणि काही झालं म्हंजे?"

सासूच्या मनातली भीती शिवलीलेलाही शिवली होतीच, ती काही नास्तिक नव्हती. कुंकू लागलेल्या वस्तूवर सुरी चालवायची म्हटलं की तिचाही हात जड व्हायचा. पण झाडाला शब्द दिला होता.

"अव्वा," ती हळू म्हणाली, "देवाला हार घालतो आपण. दुसऱ्या दिवशी सुकला की तसाच ठेवतो काय गळ्यात?"

"ते निर्माल्य गं."

"मग हे पण निर्माल्यच. देवाचं झालं, आता उतरवायचं. कापराचं मन होतं ते या पेरावर. बाकीचा दोर माझा."

यल्लव्वा पदराला हात पुसत आली, कोपऱ्यातली विळी पुढे ओढली आणि पाटावर बसली. "आण इकडं. माझ्या हातनं भाजला, माझ्याच हातनं सुटू दे." तिने दोर कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटली आणि डागाच्या दोन्ही बाजूंनी विळी चालवली. मधला तुकडा तिने तुळशीच्या कुंडीत ठेवला.

नागराजने तोडलेली टोकं तापवून बंद केली आणि लांबचा तुकडा दोन्ही हात पसरून वावांनी मापला. "शेंड्याच्या बेचक्यावरनं टाकला तर दोन्ही पदर खाली पोचत न्हाईत," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "टप्प्याटप्प्यानं चढावं लागेल. आणि वर काही झालं, मधमाश्या उठल्या, चक्कर आली, तर एका दमात खाली यायचं न्हाई तुला. समजतंय काय?"

"समजतंय. दोर हलवताना कमरेचा आडपट्टा खोडाला असणार. एक सुटेल तेव्हा दुसरा बांधलेला. एक क्षण मोकळी राहणार नाही."

"आणि घाबरलीस तर?"

"घाबरले तर देवाचं नाव घेईन. तू दोर धर."

झाडापाशी सुब्बाराव घड्याळ न बघता नुसतेच येरझारा घालत होते. यल्लव्वाही आली होती, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. पण तो उघडायचं तिला सुचत नव्हतं. नागराजने शिडी लावली. पहिल्या बेचक्यात शिवलीलेने दोर टाकला, चढली, आडपट्ट्याने खोडाला बिलगली, दोर सोडवला, वरच्या बेचक्यात टाकला. पुन्हा चढली, पुन्हा बिलगली. एरवी ती सरसर जायची. आज पायरी पायरीने, ओवी म्हणावी तसं.

चिरलेल्या फांदीवर ती बसलीच नाही. शेजारच्या धडधाकट खोडाला दोर बांधून, तिथून बाहेर झुकून तिने टोकाकडून कापायला सुरुवात केली. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्याला फांदीचा दोर, मग खालून थोडा काप, मग वरून. तुकडा सुटला की नागराज तो झेलल्यासारखा खाली घ्यायचा. सभागृहाच्या एका कौलाला धक्का लागला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा निम्म्याहून जास्त फांदी जमिनीवर होती. करवत पुढच्या कापात शिरली आणि शिवलीलेने ऐकलं. कुर्र. जुन्या दाराने बिजागरीत कण्हावं तसं. तिने करवत थांबवली. पुन्हा कुर्र. चीर पुढे सरकत होती.

"नागराज! बोलायलीय ती!"

"आलं ऐकू! मागं हो!" खालून आवाज आला. "अण्णा, अव्वाला घेऊन भिंतीकडं व्हा!"

सुब्बारावांनी यल्लव्वाचा हात धरून तिला अक्षरशः ओढत नेलं. शिवलीला खोडाच्या मागे सरकली. फांदीने पुन्हा एकदा कण्हून घेतलं आणि थांबली. तिने चिरेच्या अलीकडे फांदीचा दोर दुसऱ्यांदा गुंडाळून घट्ट केला. करवत उचलली, कळ दाबली. ती जेमतेम गुणगुणली आणि बंद पडली. बॅटरी काल दिवसभर पूजेत बसली होती. पूजेतल्या बॅटरीला चार्ज कोण करणार?

"अक्का, स्वल्प खाली या, चार्ज होऊ द्या," सुब्बाराव ओरडले.

"तोवर ती थांबायची नाही अण्णा," शिवलीला म्हणाली, आणि पाठीवरची हातकरवत काढली.

मग सुरू झालं ते नुसतं घासणं. खर्र, खर्र. खांदा भरून आला, तळहात सोलला. ध्रुवपद कधी ओठांवर आलं तिचं तिला कळलं नाही. करवत पुढे गेली की एक शब्द, मागे आली की दुसरा. खाली यल्लव्वाने ऐकलं आणि भिंतीशी उभ्या उभ्या टाळ्यांनी ताल धरला. सुब्बारावांना सूर येत नव्हता, तरी त्यांनीही धरला. नागराज तेवढा गप्प होता. दोर दोन्ही हातांत आणि नजर बायकोवर.

लाकडाचे शेवटचे धागे तुटले. ओंडका दोराला लटकला, झोकांडला, नागराज तीन पावलं फरफटत गेला आणि थांबला. मग सावकाश, बाळ पाळण्यात ठेवावं तसा, तो जमिनीला टेकला. उरलेला खुंट शिवलीलेने खोडाच्या वळीपाशी, फांदी फुटते त्या फुगवट्याशी, नीट साफ केला, झाडाला आपली जखम आपण भरून काढता यावी म्हणून. मग आली तशी उतरली. टप्प्याटप्प्याने, बिलगत. पाय जमिनीला लागले तेव्हा आभाळात अजून उजेड होता.

नागराजने तिचा सोललेला तळहात उलटून पाहिला. "शिलाई मशीन बरं हाय," तो म्हणाला. "ओरडत न्हाई. कुर्र ऐकू आलं."

सुब्बारावांनी फोन काढला, क्रेनवाल्याला कन्नडमध्ये चार शब्द सांगितले आणि फोन खिशात टाकून झाडाला हात जोडले. यल्लव्वाला तेव्हा कुठे डबा आठवला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच झाडाखाली सप्ताह बसला. फांदी गेली त्या जागेतून पहिल्यांदाच आभाळाचा तुकडा दिसत होता. शिवलीला हाताला पट्टी बांधून खोडाला टेकून बसली होती. आख्यान रंगलं, झांजा थांबल्या, आरतीचं तबक फिरत फिरत यल्लव्वाच्या हाती आलं. तिने देवाला ओवाळलं. मग उठली, रेनट्रीकडे वळली आणि त्यालाही ओवाळलं. कापरावर दुसरा हात आडवा धरून, चांगलं हातभर लांबून.