पडले नाही, बसले होते

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आमच्या घरात ती कुणी ऐकून घेत नाही. मी पडले नव्हते. बसले होते. नारळ खवायला विळी घेऊन जमिनीवर बसले होते, जशी लहानपणापासून बसत आले. फरक इतकाच की या वेळी उठता आलं नाही.

नारळ खवून झाला, ताटलीवर झाकण ठेवलं, उठायला गेले तर पाय हलेनात. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. ओट्याच्या कडेला हात पुरेना. विनीत आणि सून ऋतिका ऑफिसात, मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला. हाका मारल्या, पण चौदाव्या मजल्यावर चार घरं आणि चारही दारं बंद. नायगावच्या जुन्या बीडीडी चाळीत मी नुसतं 'गो बाय' म्हटलं असतं तरी तीन बायका धावत आल्या असत्या. इथे अडीच तास गुळगुळीत लादीवर बसून राहिले. ऋतिका आली, मला बघून किंचाळलीच आणि विनीतला बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावापासून बदलापूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं की अंबिका पडली.

"पडले नाही रे, बसले होते," मी विनीतला सांगितलं.

"तेच ते, आई."

तेच ते कसं? पडणं हा अपघात. बसणं माझी मर्जी. पण माझ्या मर्जीचा विषय या टॉवरमध्ये आल्यापासून निघालाच नव्हता. विनीतने हौसेने माझ्यासाठी पलंग घेतला, बाथरूममध्ये स्टूल ठेवलं, खाली-वर करायला लिफ्ट होतीच. "चाळीत खूप केलंस, आता आराम कर," म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चाळीत पहाटे गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या, मोरीत उकिडवं बसून धुणं, गॅलरीच्या टोकाला संडास, वाळवणाला गच्ची. व्यायाम हा शब्द आम्ही कधी तोंडात घेतला नाही. इथे अकरा महिन्यांत माझं बूड जमिनीला टेकलं नव्हतं, आणि टेकलं तेव्हा ही फजिती झाली.

इस्पितळात फोटो काढले. हाडं ठीक निघाली. तिथल्या श्रेया नावाच्या फिजिओ मॅडमने माझे पाय वाकवून बघितले, हात वर करायला लावले आणि विनीतकडे न बघता मला म्हणाली, "आजी, तुम्हाला आजार काही नाही. अंग आखडलंय, न वापरल्यामुळे. रोज हलवा, रोज ताणा. दात घासता ना रोज, तसं." एका कागदावर चित्रं काढून दिली. विनीतने तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला, फाइल कपाटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर बाई नेमली.

विळी माळ्यावर गेली. खवलेला नारळ पाकिटातून यायला लागला. आणि वर म्हणतो कसा, "दिवाळीत व्हीलचेअर घेऊया. फोल्डिंगची येते, गावाला पण नेता येईल." नवा फ्रिज घ्यायचा असल्यासारखा खूश होता. त्या खुर्चीत एकदा बसले की तिथून उठायचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाई म्हणजे बकुळा. रे रोडहून यायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. चाळिशीची, बोलायला फटकळ, आणि कंबरेला पट्टा. पहिल्या दिवशी तिने पाण्याचा ग्लास माझ्या हातात आणून दिला.

"मी घेईन माझं," मी म्हटलं.

"आजी, साहेबांनी सांगितलंय तुम्हाला उठू द्यायचं नाही."

"आणि तुझ्या कंबरेला काय झालं?"

"पेशंट उचलून उचलून. तीन म्हातारे झाले माझ्या हाताखाली. सगळे असेच, खाटेवर."

"मग चौथी नको. कपाटातली ती फाइल काढ."

तिने फाइल काढली.

अशी आमची सुरुवात झाली. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. पहिल्या दिवशी तीनदाच जमलं आणि मांड्या थरथरल्या. टॉवेल पाठीमागे धरून खांदे ताणायचे. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या, तेव्हा बकुळा माझ्या शेजारी उभी राहून स्वतःच्याही ताणायची. पंधरा दिवसांनी तिने पट्टा पर्समध्ये ठेवला. मला राग एकाच गोष्टीचा यायचा, की सत्तराव्या वर्षी मला माझ्याच घरात चोरून हातपाय हलवावे लागत होते.

महिन्याभराने आम्ही जिन्यावर गेलो. टॉवरच्या जिन्याला कुणी जात नाही, तिथे फक्त आग विझवायचे लाल डबे आणि धूळ. एक मजला खाली, एक वर. मग दोन. वॉचमनने अडवलं.

"आजी, ये जीना आग लगने के लिए है."

"लागलीय ना, माझ्या गुडघ्यांत. हो बाजूला!"

दसऱ्यापर्यंत आम्ही दहाव्या मजल्यापर्यंत उतरून परत चढत होतो. मधे थांबून पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, कठडा घट्ट धरायचा आणि टाचा हळूच खाली सोडायच्या. पिंडऱ्यांत असा काही ताण बसतो की शिवी तोंडात येते. आणि नंतर पाय इतके हलके होतात की वाटतं, उगाच अकरा महिने घालवले.

तिथेच घात झाला. सोसायटीचा सेक्रेटरी जगदीश याने आमचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जिना ही व्यायामाची जागा नाही. ज्येष्ठांची काळजी घरच्यांनी घ्यावी.' विनीत दुपारीच घरी आला. लाल झालेला. आणि त्याच्या मागोमाग दुकानाचा माणूस, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली व्हीलचेअर घेऊन. दिवाळीची वाटसुद्धा बघितली नाही. माणूस ती हॉलच्या मधोमध ठेवून गेला.

"बकुळा, उद्यापासून येऊ नका," विनीत म्हणाला. "ब्युरोला सांगतो मी. आणि आई, तू... चार मजले? तुला काय झालं असतं तर? मी तुला जमिनीवर बघितलंय त्या दिवशी. माझे हातपाय गळाले होते."

तो खरंच घाबरला होता. पोटचा पोर आहे, मला दिसत होतं. पण मला दया आली नाही, संताप आला.

"तुझ्या बाबांना काय झालं होतं, आठवतं?" मी विचारलं.

"शुगर. मग पॅरालिसिस."

"त्याच्या आधी?"

"आधी काय? आधी ठणठणीत होते."

"त्याच्या आधी ते बसले. मिलमध्ये आठ तास उभं राहणारा माणूस, साच्यांमधून, मागांच्या रांगांतून येरझारा घालणारा. मिल बंद झाली आणि दारातल्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, आधीच माणूस खचलाय, त्यात स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला लावू? चहा हातात दिला. ताट हातात दिलं. चपला पायापाशी ठेवल्या. सगळी चाळ म्हणायची, कुशाबाचं नशीब, अशी बायको. वर्षानुवर्षं दिलं रे मी. मग शुगर आली, आणि शेवटची चार वर्षं ह्यांना कुशीवर वळवायला मला शेजारच्यांना बोलवावं लागायचं. त्यांचा जीव मी प्रेमाने घेतला, विनीत. तू आता तेच चालवलंयस. माका तां प्रेम नको."

"आई, काय बोलतेस..."

"बस गप. आणि बघ."

मी हॉलमध्ये, त्या खुर्चीच्या समोर, जमिनीवर बसले. हळूहळू, पण मांडी घालून. विनीत पुढे झाला.

"हात लावशीत तर बघ!"

तो जागच्या जागी थांबला. बकुळा स्वयंपाकघराच्या दारात ओढणी मुठीत धरून उभी होती. मी कुशीवर झाले, मग हात-गुडघे टेकून ओणवी झाले. उजवा पाय पुढे घेतला. गुडघ्यावर हात ठेवला. पहिल्यांदा जमलं नाही, तोल गेला आणि पुन्हा हात टेकले. विनीतच्या तोंडून आवाज निघाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. श्वास घेतला, टाच रोवली, मांडीवर जोर दिला आणि उठले. घामाने पाठ भिजली होती. पण उभी होते, आणि कुणी उभं केलं नव्हतं.

"बकुळा येणार," मी म्हटलं. "मला उचलायला नाही, माझ्याबरोबर जिना चढायला. त्या जगदीशला काय लिहायचं ते लिहू दे, मी उद्या त्याच्या मजल्यापर्यंत जाणार आहे."

मागे हात चाचपत, जे जवळ होतं त्यावर विनीत बसला. व्हीलचेअरवर. प्लास्टिक चुरचुरलं. पंचेचाळिशीचा माझा मुलगा, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, आणि डोळ्यांत पाणी.

"चुकलो गं," तो म्हणाला. आणि मग, डोळे पुसता पुसता, माझ्याकडे न बघताच त्याने हात पुढे केला. "पाणी दे ना जरा."

मी स्वयंपाकघरात गेले. ग्लास घेतला, माठातून भरला आणि दोन पावलं बाहेर आले. त्याचा हात तसाच पुढे होता, तळवा वर, कोपर खुर्चीच्या दांडीवर. हुबेहूब ह्यांचा हात.

मी परत फिरले आणि ग्लास ओट्यावर ठेवला.

"भरून ठेवलंय," मी आतून म्हटलं. "उठ आणि घे."