दहा किलोमीटर कमी

चौतीस वर्षं सोनारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे त्यांना सगळे ‘मिलिग्रॅम’ म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. त्यांना त्याचा राग येत नसे. उलट एखाद्याला देखणा म्हटल्यावर तो जसा खुलतो, तसे ते किंचित खुलत.

अशा माणसाने निवृत्तीनंतर विजेवरची गाडी घ्यावी, आणि तीही जेमतेम तीन वर्षं वयाच्या कंपनीची, याचं गल्लीला नवल वाटलं. कंपनीचं शोरूम म्हणजे पूर्वीचं फरशांचं दुकान होतं. पण या कंपनीने बॅटरीच्या चाचण्यांचे सगळे आकडे, फसलेल्या चाचण्यांसकट, जाहीर केले होते. जो आपली चूक मोजून सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असा मिलिग्रॅमांचा हिशेब. गाडी चौदा महिने उशिरा आली. थंडीत दाराची मूठ बाहेर यायला का-कू करायची. कंपनीचा प्लग जगावेगळा असल्यामुळे इतरांच्या चार्जरवर ती लागत नसे. घरच्या प्लगवर चार्ज करावी, किंवा कंपनी रस्त्यांवर स्वतःचे चार्जर उभारील तेव्हा तिथे. मोबाइलवरच्या नकाशात ते चार्जर करड्या ठिपक्यांनी दाखवले होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली लिहिलं होतं, ‘लवकरच’.

गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी बायको तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “आता आक्काकडे जायचं.”

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच धाकटीच्या वेण्या घातल्या, डबे भरले, पुढे लग्नही लावून दिलं. त्या नात्याने ती मिलिग्रॅमांना जावईबुवा म्हणे. आता तिचं हृदय थकलं होतं, तिला घराबाहेर पडता येत नव्हतं, आणि ऐकू जवळजवळ येत नसल्यामुळे फोनवर ती एकटीच बोलायची. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बसचे धक्के तिला सोसत नसत. दोघी बहिणी अडीच वर्षं भेटल्या नव्हत्या. नव्या गाडीचं कळल्यावर आक्का फोनवर म्हणाली, “गाडीला आवाज नाही म्हणे. मग मला बसवा एकदा. ती बोलत नाही, मी ऐकत नाही, आमचं छान जमेल.”

आक्काचं घर दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर होतं.

मिलिग्रॅमांनी नऊ आठवडे गाडी चालवून मोजमापं घेतली. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नये, म्हणजे ती दीर्घकाळ टिकते, असं पुस्तिकेत होतं. ऐंशीवर गाडी दोनशे बासष्ट जात होती. शंभर भरली तर तीनशे सत्तावीस. यातून त्यांनी समोरचा वारा वजा केला, पाऊस वजा केला, चढ, एसी आणि मागच्या सीटवरचं सामान वजा केलं. उरले दोनशे अठ्ठ्याहत्तर.

दहा किलोमीटर कमी पडत होते.

सर्व्हिस सेंटरमधल्या इंजिनियर मुलीने त्यांना समजावून पाहिलं. वारा, पाऊस, चढ आणि एसी हे सगळं एकाच दिवशी, एकाच वेळी कशाला येईल? आणि महिन्यातून एकदा शंभर टक्के भरली म्हणून काही बिघडत नाही. त्यांनी तिला हे लिहून द्यायला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही गाडी घेतलीय की सांभाळायला ठेवलीय?”

बायकोने दोनदा मार्ग सुचवले. पहिल्यांदा म्हणाली, वाटेत एखाद्या ढाब्यावर तासभर थांबू, जेवू, तिथल्या प्लगला लावू. मिलिग्रॅमांनी तीन दिव्यांचा छोटा टेस्टर तिच्यापुढे धरला आणि परक्या प्लगचं अर्थिंग कसं बेभरवशाचं असतं ते सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, भाड्याची गाडी करू. त्यावर ते संध्याकाळी म्हणाले की दारात गाडी असताना भाड्याच्या गाडीतून जायचं, तर आक्काला काय दाखवायचं? अर्ध्या वाटेवर कंपनीचा चार्जर होतोच आहे. तो झाला की दुसऱ्या दिवशी निघू.

तिने परत विषय काढला नाही. रोज सकाळी दूध तापत ठेवून ते नकाशा उघडत आणि अर्ध्या वाटेवरचा ठिपका हिरवा झाला का ते बघत. ती गॅसपाशी उभी असे. “नाही अजून,” असं ते न विचारताच सांगत. असे सात महिने गेले. मधे कंपनीने तीन पत्रं पाठवली, पहिलं मालकाच्या सहीचं, दुसरं बिनसहीचं. तिसऱ्यात सर्व्हिस सेंटर काही काळ बंद राहील असं कळवलं होतं.

मंगळवारी सकाळी आक्काच्या मुलाचा फोन आला. आई पहाटे झोपेतच गेली. तुम्ही येईपर्यंत थांबतो, मावशीला सांभाळून आणा.

मिलिग्रॅम तडक पोर्चमध्ये गेले. गाडी एकोणऐंशी टक्क्यांवर होती. त्यांनी ऐंशीची मर्यादा काढून शंभर केली आणि वायर जोडली. तीन तास लागणार होते. आत येऊन तसं सांगितलं, तर बायकोने पिशवी उचलली, गाडीत जाऊन बसली आणि पट्टा लावला. घरात बस म्हटलं, पाणी नेऊन दिलं, पण तिने नुसती मान हलवली. भिंतीकडे तोंड करून ती तीन तास बांधून घेतल्यासारखी बसून राहिली. टॅक्सी बोलवावी हे त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. दोनदा फोन हातात घेतला. पण भाड्याच्या गाडीचं ते वाक्य आता, या घडीला, तिच्यासमोर म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

हवा चांगली होती. वारा नव्हता, पाऊस नव्हता, एसी लावायची गरज पडली नाही. अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशेजारी सिमेंटचा एक चौथरा दिसला. त्यातून वायरींची टोकं वर आली होती आणि त्यांना बांधलेलं प्लास्टिक फाटून फडफडत होतं. बायकोने मान वळवून तो मागे जाईपर्यंत पाहिला. मिलिग्रॅमांनी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही.

आक्काच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा तिने पट्टा सोडला आणि पहिल्यांदा बोलली.

“किती उरलेत?”

“चौदा टक्के.”

“म्हणजे किती जाईल?”

त्यांनी पुढ्यातल्या पडद्याकडे पाहिलं. आकडा पाठ होता, तरी पाहिला. “पंचेचाळीस किलोमीटर.”

“दहा कमी पडणार होते ना?” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. त्यांची बेरीज बरोबर आहे का, एवढंच तिला जणू पडताळून घ्यायचं होतं. मग दार उघडून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून तिचं रडणं ऐकू आलं.

चालवणारा सीटवरून उठला की गाडी आपोआप बंद व्हायची; ते उठले नाहीत, त्यामुळे ती चालूच राहिली. आक्काचा मुलगा खिडकीशी आला. गाडी चालू आहे की बंद हे त्याला कळेना. परत जायला भरावी लागेल ना, त्याने विचारलं, आणि ओट्याकडे बोट दाखवलं. भिंतीवर झाकणाचा एक नवा प्लग होता, त्यावरचं पातळ प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आईने माघात, म्हणजे चार-पाच महिन्यांपूर्वीच, वायरमन बोलावून बसवून घेतला, तो म्हणाला. जावईबुवा तपासल्याशिवाय लावायचे नाहीत, म्हणून तिने वायरमनला अर्थिंग दोनदा करायला लावलं.

तो आत गेला. मिलिग्रॅम खाली उतरले. मागून वायर काढली, ओट्यापाशी आणली, प्लगवरचं प्लास्टिक सोललं. मग इतक्या वर्षांच्या सवयीने हात खिशात गेला आणि त्यांनी टेस्टर आत बसवला. दोन दिवे लागले, तिसरा विझलेला राहिला. म्हणजे अर्थिंग अगदी बरोबर होतं.

टेस्टर तसाच भिंतीत ठेवून ते ओट्यावर बसले. आतून कोणीतरी हाक मारत होतं, मावशीचे यजमान कुठे आहेत, त्यांना बोलवा. बोलवायला कोण आलं ते त्यांनी पाहिलं नाही. ते त्या दोन दिव्यांकडे बघत होते.