खंडेनवमीची सायकल

माझ्या सासूबाईंनी वर्षभर अबोला धरला होता. माझ्याशी नव्हे, माझ्या सायकलीशी. अंगणात ती आडवी असली तर वळसा घालून जातील, पण ‘बाजूला घे’ म्हणणार नाहीत. सायकल माझ्या माहेरची, निफाडची. शाळेला मी तिच्यावरच जायचे, आणि लग्नानंतर हट्टानं तिला बरोबर आणलं. मखमलाबादला नवसाबाईची सून सायकल घेऊन आली, ही बातमी माझ्याआधी गावभर झाली होती.

आमचा झेंडूचा मळा. फुलं न्यायला व्यापारी बांधावर यायचा आणि भावही तोच सांगायचा. त्याचं ते पान चघळत बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पंचवटी एवढ्या जवळ, आणि आपली फुलं विकायला मध्ये हा कशाला? आमचे हे सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये अडकलेले. म्हणून मी सरळ सासऱ्यांनाच विचारलं. मोतीराम त्यांचं नाव, मी त्यांना मामा म्हणते.

“मामा, फुलं मी सायकलवर नेते आणि स्वतः विकते.”

“बाईमाणूस, ते बी सायकलवर, ते बी ओझं घेऊन?”

“तिन्ही एकदमच,” मी म्हटलं.

महिनाभर घरात हाच विषय चालला. शेवटी मामा कंटाळले. “दसऱ्याला ने. त्या दिशी झेंडू कोणी बी विकतं. फुलं येळेत पोचली, विकली, तर बारा महिने तूच ने. नाय पोचली, तर सायकल माळ्यावर अन् फुलं व्यापाऱ्याला. परत विषय काढायचा नाय.”

मामा शब्दाचे पक्के. सायकल माळ्यावर गेली की ती परत खाली येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मग मी चंदरच्या मागे लागले. चंदरचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे.

“चंदरभाऊ, ह्या कॅरिअरवर दोन गोण्या राहतील?”

“वहिनी, ह्याच्यावर दप्तर राहतं. झेंडूला दूधवाल्याचं कॅरिअर लागंल.”

“आणि स्टँड?”

“एका पायाचं कलंडंल. दोन पायांचं टाका.”

“टायर?”

“मागचा जाड घ्या.”

“ब्रेकचे रबर बदलू का? उन्हात हवा कमी भरायची का? चेन उतरते ती सैल झाली म्हणून की दात झिजले म्हणून?”

पुढं पुढं तर मला येताना पाहिलं की चंदर चाकाच्या आड तोंड लपवायला लागला. पण कॅरिअर बसलं, स्टँड बसलं, टायर बसला. राहता राहिलं तेल. कोणतं घालू, असं मी इतक्या वेळा विचारलं की एकदा तो वैतागून ओरडलाच.

“कसलं बी नका घालू! लोक तळणाचं जळकं तेल ओततात अन् मग माझ्याकडं रडत येतात. सगळ्यात चांगलं असंल तेच घाला. फ्रीव्हील मेलं की सायकल मेली!”

अख्ख्या आळीनं ऐकलं. आमच्या ओट्यावर सासूबाई माळा ओवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं काही लक्ष नाही, असंच मी धरून चालले.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, खुरपी, नट आवळायचे पाने, हवेचा पंप, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत कोणत्याही हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. सायकल हत्यार नव्हे, वाहन आहे. पूजा करून चालवायला हरकत नाही, असा निवाडा मामांनीच दिला. मी हँडलला हार घातला आणि मळ्यात फुलं तोडायला गेले.

दसऱ्याला पहाटे चांगलाच गारठा होता. दोन्ही गोण्या बांधल्या, देवाचं नाव घेतलं आणि पॅडल मारलं. पॅडल गरकन फिरलं, सायकल जागची हलली नाही. पुन्हा मारलं. चेन फिरतेय, मागचं चक्र फिरतंय, चाक मात्र ढिम्म. नवी नवरी रुसून बसावी तसं.

मामा ओट्यावर चहा पीत होते. “काय झालं?” त्यांनी इतक्या गोड आवाजात विचारलं की मला कपबशीच हिसकावून घ्यावीशी वाटली. गावातला टेम्पो तर केव्हाच गेला होता. मी सायकल ढकलत चंदरच्या दारात नेली. चंदर नवा सदरा घालून, गंध लावून उभा, आणि त्याची सगळी हत्यारं पाटावर, झेंडूखाली.

“वहिनी, आज पान्याला हात लावणार नाय. वर्षाचा सण हाय.”

“नका लावू. नुसतं सांगा, मी करते.”

मोह नको म्हणून त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकला. “पॅडल उलटं फिरवा. टकटक वाजतं?”

“नाही.”

“मग कुत्रे झोपले. फ्रीव्हीलच्या, म्हंजे ह्या मागच्या चक्राच्या आत दोन बारके कुत्रे असतात. पॅडल मारलं की ते दात धरतात, म्हणून चाक फिरतं. ते चिकटले की पॅडल नुसतंच फिरतं. आत काय घातलं तुम्ही?”

“काही नाही हो!”

चंदरनं चक्राजवळ नाक नेलं आणि चमत्कारिक चेहरा करून सरळ झाला. “वहिनी, मला भूक लागली. पुरणपोळीवानी वास येतोय.”

मी बोट घातलं. पिवळं, घट्ट, रवाळ. तूप! हळदीत कालवलेलं साजूक तूप, गारठ्यानं थिजलेलं. चक्रात तूप, पॅडलच्या भोकात तूप, घंटीतसुद्धा तूप.

माझं टाळकंच सरकलं. सायकल माळ्यावर चढवायला कोण टपलंय, हे मला माहीत होतं. मी रस्त्यातूनच ओरडले, “मामा, शब्द दिला होता ना? मग हे काय केलंत?”

“मी?” मामा उठून उभेच राहिले. “मला आपल्या घरात तूप कुठं ठेवतात ते बी ठाऊक नाय!”

“त्यांनी नाय. मी घातलं,” सासूबाई दारातून म्हणाल्या.

त्या पदर सावरत रस्ता ओलांडून आल्या आणि पहिल्यांदा माझ्या सायकलीसमोर उभ्या राहिल्या.

“चंदरच म्हणला ना, सगळ्यात चांगलं असंल ते घाला. तुपापरीस चांगलं काय हाय घरात? तू मळ्यात गेलीस तवा पूजेची हळद कालवून घातलं. सगळ्या भोकांत घातलं, एक बी सोडलं नाय.” त्यांनी पदरानं घंटी पुसायला घेतली. “आज तुझं अडू नये म्हणून घातलं गं, प्रतिभे.”

माझा राग कुठे गेला कोण जाणे. ते तूप त्यांनी नवरात्रभर साय साठवून कढवलं होतं, दसऱ्याच्या पुरणपोळीसाठी. सख्ख्या लेकानं चमचाभर मागितलं तर त्याच्या हातावर चापट मारली होती. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला ठसकाच लागला.

“चला,” मामा म्हणाले, “व्यापाऱ्याला सांगावा धाडतो.”

“बसा खाली!” सासूबाई म्हणाल्या. मामा बसले. “चंदर, तूप कशानं सुटतं?”

“रॉकेलनं, मावशी.”

“रॉकेल हत्यार हाय का?”

“नाय.”

सासूबाई धावत जाऊन रेशनच्या रॉकेलचा डबा घेऊन आल्या. गोण्या उतरवून आम्ही सायकल आडवी पाडली. त्या ओतायच्या, मी चाक फिरवायची, आणि चंदर हात मागे बांधून नाचायचा. “अजून! उलटं फिरवा! आता सुलटं! थांबा, निथळू द्या!” रस्त्यावर पिवळा ओघळ लागला. गावातलं खरं कुत्रं येऊन तो चाटायला बघत होतं, त्याला मामांनी हाकललं. एवढं मात्र त्यांनी केलं.

“वाजलं का?” सासूबाई.

“नाय.”

पुन्हा ओतलं, पुन्हा फिरवलं. आणि मग आतून बारीक आवाज आला, टक. मग टकटक. मग एकसारखं टकटकटकटक.

“उठले मेले!” सासूबाईंनी टाळीच वाजवली. चंदरच्या बायकोनं आपल्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणून दिली. दोन थेंब सोडले, गोण्या बांधल्या आणि मी निघाले. अशी निघाले की मागे वळून बघायची शुद्ध राहिली नाही.

पंचवटी कारंजाच्या चौकात पोचले तेव्हा गर्दी नुकती भरत होती. एका बाईनं झेंडू निवडता निवडता विचारलं, “तुपाचा वास कुठून गं येतोय?” मी म्हटलं, “फुलंच तशी आहेत, ताई.” तिनं जास्तीची घेतली. दुपार व्हायच्या आत दोन्ही गोण्या रिकाम्या झाल्या आणि मी वेशीपासून घरापर्यंत घंटी वाजवत आले. तुपामुळे ती जरा घोगरी वाजत होती.

जेवताना पुरणपोळी वाढली. मामांनी ताट पाहिलं. “तूप?”

“सायकलीनं खाल्लं,” सासूबाई म्हणाल्या.

मामांनी दुधाबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या आणि हात धुऊन आडवे झाले. मला वाटलं, शब्द फिरवतात की काय. संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मामा सोनं लुटून आले, पाटापुढे हात जोडले, आणि पूजेतला पहिला पाना उचलून थेट सायकलीकडे गेले. कॅरिअरचा नट आवळत खाली बघूनच म्हणाले, “ढिल्लं झालं होतं. उद्या रस्त्यात गोण्या पडल्या असत्या.”

उद्या! ते उद्या म्हणाले. मी आत जाऊन चुलीपाशी मनसोक्त रडून घेतलं.

बाहेर आले तर सासूबाई सायकलीजवळ. त्यांनी आपट्याचं पान कॅरिअरच्या चापात खोचलं आणि कॅरिअरवर हात दाबून पाहिला.

“प्रतिभे, ह्याच्यावर माणूस बसलं तर चालतं का गं?”

“कोण माणूस, आत्याबाई?”

“कोणी बी. मी डोक्यावर पाट्या वाहून वाहून चालतच गेले नाशिकला, जलमभर. आता व्यापारी आला तशी ते बी सुटलं. विचारते आपलं.”

“चालतं की. पण गोण्या आणि माणूस दोन्ही पेलायचं म्हणजे चंदरला विचारायला हवं.”

समोर चंदर पान्याची हळद पुसत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतोय हे दिसताच त्यानं घाईघाईनं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. पण सासूबाई तोवर रस्ता ओलांडून निघाल्याही होत्या.