शाईने गिरवलेले पाच कागद

साक्रीहून फोन आला तेव्हा मी एका पंपाच्या मोटारीतली जळालेली तार काढत होतो. हात काळे होते म्हणून दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आबा, मॅडम स्टँडवर पडल्या. दवाखान्यात आणलं आहे. तुम्ही या."

"शुद्धीवर आहे ना?"

"तुम्ही आधी या," तो पुन्हा म्हणाला. तेव्हाच मला कळलं.

त्या सकाळी कामिनी म्हणाली होती, "अहो, आज गाडी काढा ना. साक्रीच्या पुढे जीपचा भरवसा नाही. पाचच घरं राहिलीत."

"परत तेच वाचून दाखवायला? त्यांनी सांगितलं, तू लिहिलंस, झालं की."

"तुम्ही मोटार चालवून न बघता देता का गिऱ्हाइकाला?"

"माझं गिऱ्हाईक दुकानात येतं. तू त्यांच्या दारात जातेस."

ती हसली आणि पिशवी घेऊन निघाली. मला त्या दिवशी घाईचं काम नव्हतं.

कामिनी मूळची पहूरची. लग्नानंतर जळगावच्या एका संस्थेत लागली, पुढे संस्थांची सल्लागार झाली. मानवी हक्कांचं काम. आधी घराबाहेर काढलेल्या बायकांचं, शेवटी साक्रीकडे जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी म्हणून केलेल्या दाव्यांचं. इथे धुळ्यात, देवपुरात, शेजारी विचारायचे, "वहिनी नेमकं काय करतात?" मी म्हणायचो, "फिरते." सव्वीस वर्षं मी हेच सांगितलं.

तिची एक पद्धत होती. माणसाचा जबाब ती पेन्सिलीने लिहायची. मग काही दिवसांनी परत जाऊन, तो माणूस एकटा असताना, त्याला वाचून दाखवायची. तो हो म्हणाला की त्याच्यासमोरच शाईने गिरवायची. माणसं चारचौघांत एक सांगतात आणि एकटी असली की दुसरं, असं ती म्हणायची. संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं, कामिनीताईंचा शाईचा कागद म्हणजे खात्रीचा कागद.

तेराव्यानंतर साक्रीच्या संस्थेतल्या दिपमालाचा फोन आला. "आबा, घाई करायला नको वाटतं, पण दाव्यांची मुदत संपत आली आहे. ताईंच्या पिशवीत कागद असतील."

पिशवी उघडली. बाकीचे कागद शाईचे होते, पाच पेन्सिलीचे. मला वाटलं, तिचं एवढंच राहिलंय, आपण करू. दुकान बंद ठेवून तीन दुपारी मी तिचं अक्षर गिरवलं. तिचा 'क' कसा वळतो, हे लग्नाच्या तीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. ती गेल्यापासून त्या तीन दुपारीच मला जरा बरं वाटलं. एका कागदावर एका नावाशेजारी बारीक प्रश्नचिन्ह होतं. कागद स्वच्छ दिसावा म्हणून मी ते खोडरबराने पुसलं.

कागद देऊन आलो. दिपमालाने शाई पाहिली आणि काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

महिन्याभराने साक्रीकडच्या एक बाई दुखवट्याला आल्या. वच्छलाबाई. चवळीच्या शेंगांची पिशवी दाराशी ठेवली, फोटोपुढे बसल्या, रडल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मना कागद कोठे शे?"

"दिला की संस्थेत. सगळे दिले."

"शाई कोनी लाई?"

मी पाणी आणायला उठलो.

"माले ते कोनी वाचीसन दखाडं नही," त्या म्हणाल्या. "ताईनी लिखं तव्हय दीर बाजूले बशेल व्हता. भ्याव लागना म्हनीसन मी त्यानंच नाव सांगं. मंग ताईले फोन करा. वावर मन्हं शे, भाऊ. बावीस वरीसफाईन तठे मीच राबस. ताई बोलनी, मी येस, तू एकटी ऱ्हाय, मंग बदलूत."

बावीस वर्षं जमीन त्या कसत होत्या, कागदावर नाव दिराचं होतं, आणि मी पुसलेलं प्रश्नचिन्ह त्याच नावाशेजारचं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. "तुमले बी ताईनी शिकाडं नही का?" एवढंच म्हणाल्या. तिने कितीदा तरी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिपमालाकडे गेलो. ती डोक्याला हात लावून बसली. "आबा, फाइल धुळ्याला जिल्हा समितीकडे गेली. आता हे लिहून दिलं तर ताईंच्या बाकीच्या कागदांवरही शंका घेतील."

"घेऊ दे. शाई माझी आहे असं मी लिहून देतो."

"ताईंचं नाव जाईल हो."

"ती असती तर तिने लिहून दिलं असतं की नाही?"

दिपमालाने कागद पुढे सरकवला. मी पाचही नावं लिहिली, खाली सही केली.

त्यानंतर मी गाडी काढली. राहिलेल्या पाचही घरी गेलो, माणसं एकटी भेटेपर्यंत थांबलो आणि वाचून दाखवलं. मला कामिनीसारखं वाचता येत नाही, अडखळतो. चौघांनी हो म्हटलं. वच्छलाबाईंनी नवा जबाब सांगितला, तो मी पेन्सिलीने लिहून घेतला, वाचून दाखवला, त्यांच्यासमोर शाईने गिरवला आणि जिल्हा समितीच्या कचेरीत नेऊन दिला. तिथले साहेब म्हणाले, बैठकीत ठेवू. दोनदा बैठक झाली. दोन्ही वेळा तो कागद पुढच्या बैठकीवर गेला.

वावरावर अजून त्यांच्या दिराचंच नाव आहे.