माझ्या पोटातली दुसरी खोली

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. भांडुपच्या टेकडीवरच्या एका घरात खिडकीपाशी बसलेला असतो. माझ्या अंगावर साडीचं कव्हर आहे, म्हणून मी लाडका असेन असं समजू नका. कव्हर घातलं की माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवता येतात, एवढंच.

माझा जन्म कुठल्या बड्या कारखान्यात झाला नाही. मुलांनी शिकावं म्हणून दत्तारामकाकांनी सुटे भाग आणून मला जोडून घेतलं. पुढे माझ्या पोटात दोन खोल्या झाल्या. एकीत विंडोज होतं. त्यात काकांचा मुलगा राजेश भजन मंडळाची पुस्तिका टाइप करायचा. दुसरीत काकांच्या मुलीने, श्रुतिकाने, कॉलेजच्या अभ्यासासाठी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकली. मला सुरू केलं की मी आधी विचारायचो, कोणत्या खोलीत जायचंय? या प्रश्नाचा मला फार अभिमान होता.

काका कोकणातले. दरवर्षी गणेश चतुर्थीला पूजा झाली की ते गणपतीपुढे उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. गावच्या देवांना एकेक नाव घेऊन हाक मारायची, घरासाठी मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवांचा तो क्रम फक्त काकांना पाठ होता. एकदा त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि सगळं गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. लिनक्समध्ये व्हायरस येत नाही, असं श्रुतिकाने त्यांना सांगितलं होतं. म्हणून ते त्यांनी दुसऱ्या खोलीत ठेवलं.

मग काका गेले. श्रुतिका लग्न होऊन गोरेगावला गेली. राजेशने लॅपटॉप घेतला. माझ्याकडे कुणी फिरकेना. किती एकटं वाटायचं म्हणून सांगू!

यंदा काकांच्या वर्षश्राद्धानंतरची पहिली चतुर्थी जवळ आली, आणि मंडळाला पुस्तिका पुन्हा छापायची होती. तिची जुनी अक्षरं लॅपटॉपला वाचताच येईनात. झक मारत माझं कव्हर निघालं! पण माझं विंडोज बिघडलेलं होतं. राजेशने जुनी सीडी शोधून तेच जुनं विंडोज पुन्हा घातलं. आता या जुन्या विंडोजचा स्वभाव असा, की घरात शिरलं की सगळं घर आपलंच समजतं. त्याने माझ्या दारावरची पाटीच काढून टाकली. माझा प्रश्न बंद झाला. दुसरी खोली जागच्या जागी होती, पण तिकडची वाट कुणालाच दिसेना.

पुस्तिका झाली. तेव्हा रत्नप्रभाकाकू, म्हणजे राजेशची आई, म्हणाल्या, “हेंचा गाऱ्हाणा लाव रे. औंदा तुकाच म्हणूचा लागतला.”

राजेशने शोधलं. पुन्हा शोधलं. “वाट लागली, आई. बाबांचं गाऱ्हाणं कुठेच दिसत नाहीये.”

त्याने एका बिननावाच्या भागावर क्लिक केलं. तीच ती खोली! विंडोजने विचारलं, “हा भाग फॉरमॅट केलेला नाही. आता करायचा का?”

“हे तर रिकामंच आहे ना. फॉरमॅट करून टाकतो, मग बघू,” राजेश म्हणाला.

बाण ‘होय’वर येऊन थांबला. मित्रांनो, एका क्लिकवर काकांचा आवाज कायमचा गेला असता. माझा पंखा नुसता घरघरत होता. मला ओरडता येत नाही, याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

“थांब रे झिला!” काकू म्हणाल्या. “हात लावू नको. आधी श्रुतिकाक इचार.”

फोनवर श्रुतिका किंचाळलीच. “दादा, काही दाबू नकोस! रिकामं नाहीये ते, विंडोजला लिनक्स वाचता येत नाही. मी येते.”

ती पेनड्राइव्ह घेऊन आली. मला त्यावरूनच सुरू करून मागच्या खिडकीतून शिरावं तशी दुसऱ्या खोलीत गेली आणि माझी पाटी पुन्हा दारावर लावली. मला बंद करून चालू केलं, तर पडद्यावर माझा जुना प्रश्न उभा! मला गहिवरून आलं.

तिने गाऱ्हाणं लावलं. काका खाकरले, मग म्हणाले, “बा देवा म्हाराजा...” पहिल्याच मागण्याला तिघं एकदम म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

ते गाऱ्हाणं सगळ्यांच्या फोनमध्ये गेलं. चतुर्थीला राजेशने उभं राहून ते घातलं, दोनदा अडखळला, पण घातलं. मला आनंद झाला. आणि मग माझ्यावर कव्हर पडलं, कव्हरावर कपडे आले. आता माझी गरज कुणाला?

मित्रांनो, जुन्या यंत्रात तुम्हाला काही दिसलं नाही, म्हणून ते रिकामं आहे असं समजू नका. पुसून टाकण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा.

विसर्जनानंतर एका दुपारी घरात कुणी नव्हतं. काकूंनी माझ्यावरचे कपडे उचलले. फोन त्यांच्या हाताशीच होता, तरी त्यांनी काकांची खुर्ची ओढली आणि मला सुरू केलं. मी विचारलं, कोणत्या खोलीत जायचंय? श्रुतिकाने दाखवून ठेवलेलं बटण त्यांनी चाचपडत दाबलं.

काका एकेक मागणं मागत गेले. प्रत्येक मागण्याला काकू एकट्याच, हळू आवाजात म्हणत राहिल्या, “व्हय म्हाराजा.” गाऱ्हाणं संपलं तरी त्या उठल्या नाहीत. मीही चालूच राहिलो.