आदेशाआधीची लंगडी

बाप्पा, या शिकल्यासवरल्या मानसाइले झालं तरी काय, मले समजत नाही! मी ममता मॅडम. दहा वर्षं झाली, पिंपळधऱ्याच्या शाळेत तिसरीले शिकवून राह्यली.

दुपारची खिचडी खाल्ली की पोट्टे पेंगतात. सातचा पाढा सुरू केला की समीक्षा तं वहीवरच डोकं टेकवे. म्हून मी वर्गातच लंगडी घेतली. एक उडी सात, दुसरी चौदा. पाच मिनिटांत सारे टवटवीत, अन् पाढा तोंडपाठ! पन नेमके त्याच दिवशी मोठे साहेब तपासणीले आले. गणिताच्या तासाले पोट्टे उड्या मारतात म्हून नोटीस माह्या हातात. बदली काहून करू नये, खुलासा द्या. रडूच आलं मले, खोटं कायले बोलू!

अन् पुढच्याच महिन्यात आदेश निघाला! प्रत्येक तासाले पाच मिनिटं शारीरिक हालचाल सक्तीची, त्यानं लेकराइचा मानसिक थकवा जाते. मले तं गावभर पेढे वाटावंसं वाटलं. आता नोटीस रद्द, पक्कं.

मंग दारव्ह्याले प्रशिक्षण. सकाळी दहापासून खुर्चीत बसवलं. साहेब स्वतः पडद्यावर दाखवून राह्यले, बसून बसून मेंदू कसा थकते ते. दीडशे चित्रं! कंबरेचा पार भुगा झाला. बाजूचे राजदीप सर पाय मोकळे कराले उठले, तं साहेब माइकवर गरजले, "खाली बसा! हालचालीचं सत्र चालू आहे!"

चार वाजता सुटलो. मी नोटीस घेऊन साहेबापाशी गेली.

"सर, मी तं हेच केलतं. समीक्षाले आता बाराचा पाढा येते. नोटीस तेवढी मागं घ्या. या पोट्ट्याइले सोडून मले कुठं जायचं नाही."

साहेबानं चष्मा लावला. आदेशाची तारीख पाह्यली, नोटिशीची पाह्यली.

"आदेश एक तारखेचा. तुमची लंगडी त्याआधीची."

"पन सर, पोट्टे तं तवाच थकले होते ना!"

"तेच विचारतोय मॅडम," साहेब म्हणाले, "आदेश निघण्याआधी तुमची मुलं थकलीच कशी? यावर वेगळा खुलासा द्या. नव्या शाळेतून पाठवला तरी चालेल."